आखाजीच्या डावात तीन राण्या

आमच्या खान्देशात आखाजीला पत्ते खेळणं म्हणजे जुगार नव्हे, तो सणच. वर्षभर ज्याच्या हातात पत्ते दिसतील त्याला गाव नावं ठेवतं. पण अक्षय्य तृतीयेला घागर भरून झाली, पितरांना आमरस-पोळीचा नैवेद्य दाखवून झाला, की ओट्यावर, निंबाखाली, मंदिराच्या मागे सतरंज्या पडतात. एरवी पत्त्याला शिवणार नाहीत असले गंभीर लोकसुद्धा "जरा बसतो" म्हणून मांडी घालतात आणि दिवेलागणीलाच उठतात. पोरी झोक्यावर, बायका गौराईच्या गाण्यांत आणि पुरुष पत्त्यांत, अशी पूर्वापार वाटणी आहे. त्या वाटणीत मी लहानपणापासून चुकीच्या बाजूला आहे. झोक्यावर मला गरगरतं आणि मी गायला लागले की शेजारची म्हैस पान्हा चोरते. म्हणून आबा, म्हणजे माझे वडील, मला आपल्या डाव्या हाताला बसवून घ्यायचे. लग्न झालं, जळगावला शाळेत गणित शिकवायला लागले, पन्नाशी आली, तरी आखाजीला माझी ती जागा कायम आहे.

माझं माहेर धरणगावच्या पुढे. आई गेल्यापासून आबा तिथं एकटेच राहतात. कापूस लावतात, स्वतःचा चहा स्वतः करतात आणि कुणाचंही ऐकत नाहीत. धाकटा भाऊ धुळ्याला असतो, त्याची मुलगी नोकरीला पुण्यात. दिवाळी चुकली तरी चालेल, आखाजीला मात्र आम्ही सगळे गावी जमतोच.

परवाच्या आखाजीला जेवणाच्या ताटावरच माझं आणि आबांचं वाजलं. विषय जुनाच होता, आबांचे डोळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, उशीर करू नका, असं जळगावच्या डॉक्टरांनी सांगून बरेच दिवस झाले होते. आबांचं उत्तर ठरलेलं. "माले बठ्ठं दिखस." सगळं दिसतं म्हणे! महिन्याभरापूर्वी मोपेड घेऊन धरणगावहून येताना ते रस्त्याकडेच्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, ढिगात गाडीसकट घुसले होते. अख्खं गाव हसलं, आबाही हसले. मला मात्र हसू आलं नाही. त्या ढिगाच्या पलीकडे बिनकठड्याची विहीर आहे. शेतकऱ्यानं पऱ्हाट्या चार दिवस आधी घरी नेल्या असत्या तर त्या दिवशी आबा सरळ विहिरीतच गेले असते.

हे मी ताटावर बोलले. जरा जोरातच बोलले. माझा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायला तयार झालेला आहे, तो घरात कमी होत नाही. आबांनी मांडा तसाच ठेवला. "सनना दिन बी जेवू देशी का नही?" म्हणाले. वहिनीनं मला डोळ्यांनी दटावलं. भाऊ रसाच्या वाटीत तोंड घालून बसला. तो धुळ्याहून येतानाच ठरवून येतो की अक्का आणि आबांच्या मध्ये पडायचं नाही.

मध्ये पडली भाची. "असं करा," ती म्हणाली. "दोघांनी हा विषय पत्त्यांवरच सोडवा. ज्याच्याकडे शेवटी जास्त राहील त्याचं दुसऱ्यानं ऐकायचं."

आबांना कल्पना एकदम पसंत पडली. पत्त्यांत त्यांना हरवणारा पंचक्रोशीत कुणी नाही अशी त्यांची समजूत, आणि पंचक्रोशीचीही तीच. तीन पत्तीत आबा गेली काही वर्षं कायम ब्लाइंड खेळायचे. हातातले पत्ते न बघता, नुसते पालथे ठेवून चाल द्यायचे. लोक म्हणायचे, काय छाती आहे म्हाताऱ्याची! मलाही अभिमान वाटायचा.

"मी जितनू त पुढली आखाजी लगून मन्हा डोयासनं नाव कोनी काढाले नही जोयजे," आबा म्हणाले.

"आणि मी जिंकले तर पेरणीच्या आधी जळगाव," मी म्हणाले. "दोन्ही डोळे."

"कबूल."

आमच्याकडे आखाजीला दिलेला शब्द मोडत नाहीत. वर्षाच्या बोलीवर राबणारे सालदार याच दिवशी नव्या वर्षाचं ठरवतात, तेही नुसत्या तोंडी. तेव्हा ही काही गंमत नव्हती. मी हरले असते तर आबा वर्षभर त्या विहिरीवरून मोपेड चालवणार आणि मी तोंडातून शब्द काढू शकणार नव्हते. पण बोलून बसले होते.

ओट्यावर सतरंजी पडली. शेजारचे नाना आपोआप येऊन बसले. नाना आबांचे लंगोटीयार, दोघं एकाच वर्षी शाळेत गेले आणि एकाच वर्षी पळून आले. भाचीनं पिशवीतून प्लास्टिकचे कोरे करकरीत पत्ते काढले आणि जाहीर केलं की तीन पत्ती नाही, पोकर. तीन पत्तीत आबा सगळ्यांना खाऊन टाकतात, नवा खेळ असेल तर सगळे सारखे. पैसे नाहीत, भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा. प्रत्येकाला एक पसा.

"दोन पत्ते तुमच्या हातात," तिनं समजावलं. "ते कुणाला दाखवायचे नाहीत. मग मी तीन पत्ते मध्ये उघडे टाकणार. ते सगळ्यांचे. मग आणखी एक, मग शेवटचा एक. तुमचे दोन आणि मधले पाच, त्यातून चांगले पाच निवडायचे. प्रत्येक टप्प्यावर चाल."

"मझारना पत्ता बठ्ठासना?" नानांनी विचारलं. "म्हंजे सामायिक बांध. आते भांडन व्हईच."

मग तिनं कुणावर कोण चढतं ते सांगितलं, आणि इथं खरंच भांडण झालं. तीन पत्तीत तीन सारखे पत्ते आले की ती ट्रेल, आणि ट्रेलच्या वर काही नाही. आमच्या गावात हे पोराला पाढ्यांच्या आधी कळतं. पोकरमध्ये म्हणे पाच पत्ते एका रंगाचे झाले, म्हणजे सगळे बदाम किंवा सगळे इस्पिक, की तो कलर ट्रेलला खातो.

"ट्रेल खाले अन् कलर वर?" नाना उसळले. "हाऊ कोन्ता कायदा शे?"

मी गणिताची बाई, म्हणून नानांना मीच समजावलं. तीन पत्ते एका रंगाचे सहज येतात, पाच यायला अवघड, जे अवघड ते वर. नानांना काही पटलं नाही. स्वतः समजावलेलं माणूस किती लवकर विसरतं ते तासाभरात कळायचं होतं.

खेळायच्या आधी भाचीनं आणखी एक धडा दिला. "मधल्या तीन पत्त्यांत दोन एका रंगाचे आले, किंवा लागोपाठचे आले, तर ते धोक्याचं. तुमच्याकडे तेव्हा भारी पत्ते असतील तर हळूहळू खेळायचं नाही. पहिल्यांदाच मोठी चाल टाकायची. जो एखाद्या पत्त्याची वाट बघत बसलाय, त्याला वाट बघणं महाग पडलं पाहिजे."

आबांनी मान हलवली. "आभाय भरी उनं का कापूस आजच घर लई येवाना. सकाय म्हननं नही." उद्यावर टाकायचं नाही, एवढंच. पुण्याच्या पोरीनं दहा वाक्यांत सांगितलं ते आबांनी दोन वाक्यांत संपवलं. मी मात्र मनात म्हटलं, मला नका शिकवू, मी आबांच्या डाव्या हाताला बसून वाढलेय.

खेळ सुरू झाला. नाना पहिल्या अर्ध्या तासातच बाहेर. हरले नाहीत, विचार करता करता आपलं भांडवल खाऊन बसले. पुढ्यात टरफलांचा ढीग आणि चाल द्यायला शेंग नाही. तरी ते उठले नाहीत, आबांच्या मांडीला मांडी लावून सल्ले देत राहिले. भाऊ जपून खेळत होता, धुळ्याच्या लोकांची रीतच ती. आबांचं मात्र काही जमत नव्हतं. हा खेळ पत्ते न बघता खेळताच येत नाही. ते पत्ता नाकाशी न्यायचे, मग लांब धरायचे, मग उन्हाकडे करायचे. हरले की म्हणायचे, पत्ते वाईट छापले आहेत. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हटलंसुद्धा. मला खेळाची एवढी घाई होती की ज्या डोळ्यांवरून हा डाव मांडला तेच डोक्यातून गेले.

तरी हळूहळू त्यांनी सावरलं. दुपार उतरली तेव्हा आबांच्या आणि माझ्या पुढ्यात जवळपास सारखाच ढीग होता. वहिनीनं आतून डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, फोडी पाठवल्या. भाचीनं जाहीर केलं, "हा शेवटचा डाव."

मी माझे दोन पत्ते उचलले. इस्पिकची राणी. चौकटची राणी. तोंडावर काही दिसू दिलं नाही.

आबांना दिसत नाही म्हणून भाची मधला प्रत्येक पत्ता मोठ्यानं सांगायची. तिनं तीन उघडे टाकले. "बदामची राणी. बदामची नव्वी. किलवरची दश्शी."

तीन राण्या! ट्रेल! माझ्या कानात सनई वाजली. त्या क्षणी पुण्याचा कायदा, माझा स्वतःचा हिशेब, आभाळ, कापूस, सगळं डोक्यातून गेलं. मध्ये दोन बदाम पडले होते, नव्वी-दश्शी-राणी अशी शिडी लागली होती, याहून धोक्याचे तीन पत्ते शोधून सापडले नसते. मूठभर शेंगा मध्ये लोटून सगळ्यांना पळवून लावायचं, हीच ती वेळ होती. पण ट्रेल हातात आली की आमच्या गावचा माणूस काय करतो? तो तोंड सुतकी करतो. उसासा टाकतो. आणि अगदी लहान चाल देतो, म्हणजे समोरचा पळून जायला नको. माशाला गळ हळूच लावावा, असं मला तर आबांनीच शिकवलं होतं.

मी उसासा टाकला आणि एक शेंग पुढे सरकवली.

भाचीनं तो उसासा ओळखला असावा, माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोळीवर मीठ घातलंय. पण ती पत्ते वाटणारी, तिला बोलता येत नव्हतं. भावानं एक शेंग टाकली, आबांनीही. एका शेंगेत पुढचा पत्ता बघायला मिळत असेल तर कोण सोडेल? पुढचा पत्ता आला, इस्पिकची चव्वी. मी पुन्हा एक शेंग. दोघं पुन्हा आले. मग शेवटचा पत्ता.

"बदामची तिर्री," भाची म्हणाली, आणि तिचा आवाज जरा बसला.

भावानं पत्ते टाकून दिले. तो गुलाम धरून शिडीची वाट बघत होता, ते नंतर कळलं. आबांनी आपले दोन पत्ते एकदा नाकाशी नेले, पालथे ठेवले आणि दोन्ही हातांनी आपला सगळा ढीग मध्ये ढकलला. एक शेंग सतरंजीखाली गेली ती नानांनी काढून खाल्ली.

मला अजून काही कळलं नव्हतं. मी म्हटलं, सापडले आबा! जळगाव! मीही सगळा ढीग ढकलला, राण्या सतरंजीवर आपटल्या आणि गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले, "ट्रेल!"

"आंडेरनी जितं," नाना म्हणाले. लेकीनं जिंकलं.

आबा शांतपणे म्हणाले, "थांब जरा. मन्हा कलर शे. बदाम."

आणि मग मला आठवलं. एकदम, सगळं. कलर ट्रेलला खातो. हे मी नानांना शिकवलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसा माझा बैल गोठ्यातूनच सुटला होता. पहिल्याच चालीला मूठभर शेंगा टाकल्या असत्या तर आबा आणखी एका बदामाची वाट बघत बसले असते का? मी स्वतः त्यांना एकेका शेंगेत घरापर्यंत आणून सोडलं. माझ्या डोळ्यांसमोर ती विहीर आली. खरं सांगते, पन्नास वर्षांची बाई ओट्यावर सगळ्यांदेखत रडायच्या बेतात होती.

भाचीनं आबांचे पत्ते उलटले. बदामचा राजा. आणि सत्ती.

ती त्या सत्तीकडे बघत राहिली. भाऊ वाकून बघायला लागला. मीही पाहिलं. सत्ती चौकटची होती.

आबांनी मान वर केली. "काय व्हयनं?" त्यांनी विचारलं.

"आबा," भाची हळूच म्हणाली, "ही सत्ती बदामची नाही. चौकटची आहे."

"खोटं नको बोलू," आबा म्हणाले. त्यांनी पत्ता उचलला, नाकाशी नेला, उन्हाकडे धरला. मग बाजूला मांडीला मांडी लावून बसलेल्या नानांकडे दिला. "नाना, तू दख. बदाम शे ना?"

नानांनी पत्ता घेतला, उलटसुलट केला आणि न्यायाधीशासारखे म्हणाले, "बदामच शे. शंभर टक्का."

भावाला हसू आवरेना. मग भाचीला. मग मलाही फुटलं, डोळ्यांत आलेलं पाणी हसण्यातच वाहून गेलं. दोघं म्हातारे एकाच चौकटला बदाम म्हणून शपथ घेत होते! दुपारभर नाना आबांच्या कानात जे सल्ले देत होते ते काय बघून देत होते, देव जाणे.

"आबा," भाऊ हसत म्हणाला, "म्हणून तुम्ही तीन पत्ती कायम ब्लाइंड खेळता का?"

आबा मिशीत हसले. पंचक्रोशीनं ज्या छातीला सलाम केला ती छाती नव्हती, तो मोतीबिंदू होता. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. किती वर्षं हा माणूस पत्ते पालथे ठेवून आम्हाला सगळ्यांना गुंडाळत होता, आणि मी शेजारी बसून टाळ्या वाजवत होते.

हसणं ओसरलं तेव्हा आबा सत्ती हातात धरून तसेच बसले होते. मी म्हटलं, "आबा, शब्द आहे हं."

"शे ना. मी कोठे नही म्हनस?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माले ऑपरेशननं भ्याव नही वाटत, बाई. तुन्ही माय व्हती तवय गोष्ट येगळी व्हती. ती पट्टी सोडतस तवय समोर कोन ऱ्हाई? डाक्टर? त्याले त मी वयखस बी नही."

वर्षभर मी त्यांना हट्टी म्हणत होते, मुद्दे मांडत होते, महिनाभर विहिरीचं अंतर सांगत होते. त्यांना अंधाराची भीती नव्हती. पट्टी सुटल्यावर पहिली नजर कुणावर पडणार याची होती. आणि ते सांगायला त्यांना चौकटची सत्ती लागली.

"मी ऱ्हासू ना समोर," नाना म्हणाले.

"तुन्हा बी डोयासवर पट्टी ऱ्हाई," आबा म्हणाले. "तुले बी बदामच दिखनं. तू बी येशी संगे."

नाना एकदम दुसरीकडे बघायला लागले. पण आखाजीचा दिवस होता आणि साक्षीला सगळी सतरंजी बसली होती.

"मी राहीन समोर, आबा," मी म्हणाले. "शाळेला सुट्टी आहे. नसती तरी राहिले असते."

भाचीनं पत्ते गोळा करताना मला कानात सुनावलं. "आत्या, तू इतकं वाईट खेळलीस की पुण्यात तुला कुणी बसू देणार नाही. आबांकडे खरा बदाम असता तर?" मी म्हटलं, असता तर मी मेलेच होते. वासरात लंगडी गाय शहाणी, पण ही आमची लंगडी गाय बरोबर बोलत होती. आतासुद्धा मला तो डाव आठवला की हात आपोआप मुठीएवढ्या शेंगा पुढे लोटतो. उशिरानं का होईना, समजलं.

पेरणीच्या आधी दोघं जळगावला आले. पहिल्यांदा एकेका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आबा आणि नाना माझ्या घरी शेजारी शेजारी पलंगावर, दोघांच्याही एकेका डोळ्यावर पट्टी, आणि दोघंही चहात साखर कमी म्हणून कुरकुरत. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडायला दवाखान्यात गेलो. आधी नानांची सुटली. त्यांनी डोळा मिचकावला, शेजारी बसलेल्या आबांकडे बघितलं आणि ओरडले, "आरे, तू इतला म्हतारा कवय व्हयना?" नर्सलासुद्धा हसू आलं.

मग आबांची पाळी. मी ठरल्याप्रमाणे त्यांच्या अगदी समोर उभी राहिले. चांगली साडी नेसले होते, का ते मला सांगता येणार नाही. नर्सनं पट्टी काढली, डोळा पुसला आणि म्हणाली, उघडा हळूहळू. आबांनी डोळा उघडला. माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मी हसून बघत होते, ते मात्र हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या कपाळावरची बट बोटांत धरली.

"बाई," ते म्हणाले, "तुन्हा केस पांढरा व्हई गयात."

"कधीचेच झालेत, आबा."

"माले कोनी सांगं बी नही," आबा म्हणाले.